बिनखिशाचा पेहराव

हिंगोली जिल्ह्याच्या जुन्या पेहरावाला खिसा नाही. नऊवारी लुगडे, धोतर, डोक्याचा रुमाल, खांद्यावरचे उपरणे, पावसाथंडीची घोंगडी, हे सगळे मागावरून उतरले तसेच अंगावर चढणारे, कात्री न लागलेले कापड. शिवलेले म्हणावे ते थोडेच: चोळी, बंडी, कोपरी, टोपी. मग सुटे पैसे, चुन्याची डबी, किल्ली, सुईदोरा ठेवायचा कुठे? या साध्या अडचणीतून इथल्या गाठी, घड्या, बटवे, चंच्या आणि करदोडे यांचा बराचसा पसारा उभा राहिला. जपानच्या किमोनोलाही खिसा नाही. तिथे रुमाल बाहीच्या लोंबत्या पिशवीत राहतो, कागद छातीवरच्या घडीत, आणि औषधाची डबी, म्हणजे इनरो, ओबी या कमरपट्ट्याला दोरीने लटकते. दोरी निसटू नये म्हणून पट्ट्याच्या वर अडकवायचे कोरीव नेत्सुके आज जगभरच्या संग्रहालयांत काचेआड जाऊन बसले आहे. हिंगोलीची पानसुपारीची चंची अजून वापरात आहे, त्यामुळे तिच्याकडे कोणी पाहत नाही.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. वसमत, औंढा नागनाथ, हिंगोली, सेनगाव, कळमनुरी असे पाच तालुके. नकाशावर तो मराठवाड्यात असला तरी कपड्यांच्या बाबतीत सरहद्दीचा मुलूख आहे. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत राज्य हैदराबादच्या निजामाचे होते. लुगड्यांची ओढ मात्र दूर कर्नाटकातल्या इरकलकडे. त्यामुळे एकाच मांडवात नागपुरी काठाचे धोतर, इरकल लुगडे आणि हैदराबादी शेरवानी शेजारी शेजारी बसलेली असत. कोणत्या प्रसंगाला कोणता किमोनो, याचे नियम जपानमध्ये छापलेले मिळतात. इथले नियमही तितकेच कडक होते, फक्त ते आत्याबाईंच्या आणि मामींच्या तोंडी होते.

मी जिल्ह्यात शिरलो तो दक्षिणेकडून, वसमतच्या बाजूने, हळदीच्या दिवसांत. हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात नेण्याची ही धांदल उन्हाळ्याच्या तोंडावर चालते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हिंगोलीचा हळदबाजार राज्यात नावाजलेला आहे. शिवारात काम करणाऱ्या बाया सहावारी साडीवर नवऱ्याचा किंवा लेकाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोके, कान, हनुवटी रुमालाने आवळून घेतात. शर्टामुळे ऊन लागत नाही, हात ओरखडत नाहीत, साडी मळत नाही. शिवाय खिशात मोबाइल राहतो. गावाची वेस जवळ आली की शर्ट उतरतो आणि पदर डोक्यावर येतो. मराठवाड्याच्या पेहरावावर लिहिणारे या शर्टाचा उल्लेख टाळतात, कारण तो छायाचित्रात शोभत नाही. पण निदान एक पिढी हाच बायकांचा कामाचा वेश आहे, आणि परंपरा म्हणायला आणखी काय लागते? जपानी बायकांनी याच गरजेपोटी किमोनोवर घालायचा बाह्यांचा पांढरा अंगरखा, काप्पोगी, काढला. त्याआधी लोंबत्या बाह्या तासुकी नावाच्या दोरीने पाठीवर फुलीसारख्या आवळून कामाला लागत. काप्पोगीला लोकांनी आपले मानले, इथल्या शर्टाला अजून नाव नाही.

हळद हा कपड्याचाही रंग आहे, पण कच्चा. हळदीच्या पाण्यात बुडवलेले वस्त्र लग्नकार्याला चालते, रोजच्या वापराला नाही, कारण उन्हात तो रंग उडतो. साबण लागला की डाग लाल होतो, हे घरोघर माहीत आहे. त्याच गुणावर कुंकू उभे आहे: हळदीला चुन्यासारखा क्षार मिळाला की ती लाल होते. जुन्या बाया कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू बोटाने गोल बसवत. मेणाची डबी, कुंकवाचा करंडा, फणी आणि आरसा हे सगळे फणेरपेटीत असे आणि पेटी सासरी बरोबर येई. जपानी प्रसाधनाचा लाल रंग वेगळ्या वाटेने येतो, तरी त्याचे मूळ इथल्याच शेतात दिसते. ओठांचा बेनी आणि किमोनोच्या अस्तराचा लाल रंग काढतात तो करडईच्या फुलांपासून. मराठवाड्यात करडई पिकते ती तेलासाठी. काटे बोचतात म्हणून वैतागत तिची काढणी होते, आणि तिच्या पिवळ्या-केशरी पाकळ्यांकडे रंग म्हणून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

वसमतच्या बाजारात भाजीपाला घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी थोड्याच आता लुगड्यात दिसतात. लुगडे नेसण्याची रीत सांगायला सोपी, हाताला अवघड. एक टोक कमरेभोवती घेऊन पुढे घट्ट गाठ मारायची. दुसरे टोक पाठीमागून आणून पदर करायचा. मध्ये उरलेल्या कापडाच्या निऱ्या घालून बेंबीपाशी खोचायच्या, आणि त्या निऱ्यांचा खालचा मधला भाग दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचायचा, म्हणजे कासोटा झाला. सव्वाआठ मीटर कापड एका गाठीवर आणि दोन खोचींवर दिवसभर राहते. चिखलात उतरायचे तर तेच लुगडे गुडघ्यापर्यंत वर घेता येते, देवळात जायचे तर घोट्यापर्यंत खाली सोडता येते. कमरेपुढच्या ओच्यात शेंगा, हरभऱ्याचे घाटे, नातवासाठी घेतलेला खाऊ मावतो. पैसे मात्र कनवटीला. गिऱ्हाइकाला मोड द्यायची तर ती बाई किंचित कुशीला वळते, कमरेची गुंडाळी उलगडते, कापडात गुरफटलेली नाणी बोटांनी चाचपते, हवे तेवढे काढते आणि न बघता गुंडाळी पुन्हा पिळून आत सारते. हे चालू असताना गिऱ्हाईक दुसरीकडे पाहते. पैसे मोजणाऱ्या बाईकडे टक लावून बघू नये, हा अलिखित शिष्टाचार आजही पाळला जातो.

किमोनोही असाच अंगावर पुरा होतो. कापडाचा ताका साधारण ३६ सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटर लांब. त्याचे सरळ रेषेत आठ तुकडे करतात. गोल काप नाही, म्हणून चिंधीही उरत नाही. बाईचा किमोनो तिच्या उंचीपेक्षा मुद्दाम लांब शिवतात आणि जास्तीचे कापड कमरेवर घडी घालून ओबीखाली दाबतात, त्यामुळे आईचा किमोनो लेकीला बसतो. इथे सासूचे लुगडे सुनेला चालते तेही याच कारणाने: कापडाला माप नसते, माप नेसणारीच्या हातात असते. फरक शिस्तीचा आहे. किमोनोची डावी बाजू नेहमी उजवीवर यायला हवी. उजवी डावीवर घेतात ती फक्त मृताला नेसवताना. हिंगोलीकडे अशी डाव्या-उजव्याची भीती नाही. इथली सारी नजर पदरावर असते. थोरले माणूस आले की तो डोक्यावर येतो, कामाला लागले की कमरेला खोचला जातो, आणि भांडण जुंपणार असले तरीही खोचला जातो. रस्त्याच्या पलीकडे उभे राहूनसुद्धा पदरावरून प्रसंग कळतो.

वसमतहून औंढ्याकडे जाताना काळी रानं मागे पडून माळ आणि टेकड्या सुरू होतात. औंढा नागनाथचे देऊळ बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाते. खालचे कोरीव बांधकाम यादवकाळचे, वरचे नंतरचे. बाहेरच्या भिंतीवर रांगेने उभ्या असलेल्या मूर्ती नीट पाहिल्या तर शिंप्याला फारसे काम नसलेला काळ दिसतो. कमरेखाली चापून नेसलेले वस्त्र, त्याच्या चुण्यांच्या बारीक रेघा, कमरपट्ट्याची लोंबती पदके, दंडात वाक्या, पायात तोडे, मानेवर मोठा अंबाडा. कापड दगडात दाखवणे कठीण, दागिना सोपा, म्हणून मूर्तीत दागिना जास्त दिसतो असेही असेल. तरी वाकी, गोठ, पाटल्या, तोडे, एकदाणी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ ही नावे गेल्या पिढीपर्यंत इथल्या कुणब्यांच्या घरात चालू होती, आणि जोडवी-विरोद्या तर आजही आहेत. जपानी पेहराव याच्या अगदी उलट आहे. त्यात गळ्यात, कानात, हातात जवळजवळ काहीच नसते. सगळी हौस कापडावर आणि केसांतल्या कान्झाशी काट्यांवर. ओबीच्या वरून आवळायची रेशमी दोरी आणि तीत ओवलेले ओबीदोमे हाच काय तो दागिना. नऊ तोळ्यांची गोष्ट करणाऱ्या आपल्या बायकांना ते फार ओकेबोके वाटेल. मला मात्र वाटते की सोन्याने जे सांगितले जाते तेच तिथे विणकामाने सांगितले जाते, आणि किमतीतही फारसा फरक पडत नाही.

देवळासमोरच्या दुकानांत ओटीचे खण त्रिकोणी घडी घालून रचलेले असतात. खण हे चोळीपुरते, कमी पन्ह्याचे, काठ असलेले कापड. ते येते कर्नाटकातल्या गुळेदगुड्डकडून, जसे लुगडे इरकलकडून. किमोनोच्या ताक्याप्रमाणे इथेही मापाचा विचार मागावरच झालेला असतो, काठ दंडावर आणि पाठीवर बरोबर यावेत इतक्या बेताने. शिंपी खणाचे तुकडे जोडून पुढे गाठ मारायची चोळी शिवत असे, गुंडी नाही, हूक नाही. आता देवीला वाहिलेले खण बहुतेक पुन्हा ओटीतच जातात. एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहतात, चोळी कोणी शिवत नाही.

औंढ्याच्या माळावर मेंढरांमागे दिसणारी घोंगडी हा या जिल्ह्यातला सर्वांत कणखर कपडा. धनगर-हटकरांची वस्ती या बाजूला जुनी. दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, पिंजायची, सूत कातायचे आणि खड्ड्याच्या मागावर विणून चिंचोक्याची खळ द्यायची. नवी घोंगडी टोचते, वास मारते, आणि पाऊस अडवते. एका कोपऱ्याची खोळ करून डोक्यावर घेतली की तीच छत्री. रात्री अंथरूण, दुपारी झाडाखाली बैठक, आणि जागरण-गोंधळाला देवासमोर मान तिचाच. खांद्यावर ती चौघडी टाकण्याची ढब प्रत्येकाची वेगळी, आणि त्यावरून लांबूनही माणूस ओळखू येतो असे मेंढपाळ सांगतात. स्वेटर आला, प्लॅस्टिकचा कागद आला. घोंगडी मागे सरली ती किमतीमुळे, उपयोगामुळे नव्हे.

औंढ्याहून नर्सीला गेले की कपड्याच्या गोष्टीत शिंपी येतो. कयाधूच्या काठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. जन्म १२७०, घराणे शिंप्याचे. बिनशिवल्या कपड्यांच्या मुलखात शिंपी काय शिवत असेल, हा प्रश्न नर्सीत उभे राहिले की सुचतो. उत्तर बाजारात अजून मिळते: चोळ्या, बंड्या, टोप्या, कुंच्या, उशांच्या खोळी, बैलांच्या झुली, बटवे, पडशा आणि चंच्या. म्हणजे वस्त्र विणकराचे आणि जोडवस्तू शिंप्याच्या. शीख परंपरेत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांतल्या एकात गज, कात्री, सुई ही शिंप्याची हत्यारेच भक्तीच्या कामाला लावली आहेत. पंजाबातले भाविक नर्सीला येतात, म्हणून पागोटी आणि पगड्या इथे एका रांगेत दिसतात.

आषाढीला पंढरपूरला जाऊन आलेले वारकरी पुढच्या एकादशीला परतवारीसाठी नर्सीत जमतात. पेहराव पाहायला याहून चांगला दिवस नाही. धोतर, पैरण, टोपी किंवा रुमाल, गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन आणि बुक्का. खांद्यावर पडशी, म्हणजे पुढे एक आणि मागे एक अशा दोन पोटांची पिशवी. पुढे पोथी आणि टाळ, मागे धोतराचे दुसरे पान आणि भाकरी. वजन दोन्ही बाजूंना सारखे पडते म्हणून चालताना खांदा ओढला जात नाही. पाठीवरच्या बॅगा आल्या तरी जुने वारकरी पडशी सोडत नाहीत. जपानच्या शिकोकू बेटावर ८८ देवळांची प्रदक्षिणा करणारे यात्रेकरूही पांढऱ्याच वेशात चालतात: पांढरा अंगरखा, विणलेली टोपी, हातात काठी, गळ्यात पूजासाहित्याची झोळी. तो पांढरा रंग मरणाचा आहे. वाटेत देह पडला तर वेगळे कफन नको, हा त्यामागचा जुना हिशेब. वारकऱ्याच्या पांढऱ्यात मरण नाही, शेतकऱ्याचा रोजचाच वेश धुऊन नेसलेला आहे. बायका मात्र वारीत पांढरे नेसत नाहीत. हिरवी, जांभळी, तपकिरी लुगडी आणि डोक्यावर तुळशीवृंदावन. जपानी नवरी लग्नात डोक्यापासून पायापर्यंत शुभ्र असते, हे नर्सीतल्या एका आजीला सांगितले तेव्हा तिने आधी विश्वास ठेवला नाही, मग त्या मुलीच्या आईची कीव केली.

चंचीबद्दल इथेच सांगितले पाहिजे, कारण ती वारकऱ्याच्या कमरेला हमखास असते. लांबट कापडी पट्टी, तिला एकावर एक कप्पे, टोकाला नाडी. पानाचा कप्पा मोठा, त्याला आतून ओलसर फडके; सुपारी आणि अडकित्त्याचा वेगळा; काताचा, तंबाखूचा, लवंग-वेलदोड्याचा लहान. चुन्याची डबी सगळ्यांत आत. बसल्यावर ती मांडीवर उलगडतात, आणि उलगडली की शेजाऱ्याला विचारल्याशिवाय गुंडाळता येत नाही. पान नको असले तरी सुपारीचे खांड घ्यायचे, ही रीत. काम झाले की गुंडाळी करून नाडीचे दोन वेढे, आणि धोतराच्या कमरेत. अंधारातही हात बरोबर त्याच कप्प्यात जातो. नेत्सुके कोरणाऱ्या कारागिरांची नावे जपानने जपली. चंची शिवणाऱ्यांची नावे आपल्याकडे कोणी लिहून ठेवली नाहीत.

हिंगोली शहराचा पेहराव छावणीने घडवला. हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेचे हे ठाणे. १९०३ मध्ये ती फौज हिंदुस्थानी लष्करात मिसळली, पण पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावे राहिली. फौज म्हणजे शिवलेले कपडे: कोट, पाटलोण, पट्टा, बूट, आणि त्यांचे खिसे. निजामी अमलात कचेरीतला माणूस शेरवानी आणि तांबडी रुमी टोपी घाले, मग तो कोणत्याही धर्माचा असो. तुर्कस्तानात १९२५ मध्ये कायद्याने बंद झालेली ती टोपी इथे पुढेही चालू राहिली. १९४८ नंतर तिची जागा गांधी टोपीने घेतली. जपानमध्ये हाच बदल सरकारी हुकमाने झाला: १८७२ मध्ये दरबारी पोशाख पाश्चात्त्य धर्तीचा ठरला, पुरुष दिवसा कोटात आणि संध्याकाळी घरी किमोनोत राहू लागले, बायका कितीतरी वर्षे किमोनोतच राहिल्या. हिंगोलीतही धोतर आधी गेले, लुगडे नंतर.

या बाजारपेठेची कापडाशी निगडित एक काळी आठवण आहे. निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलरने ठगांवरच्या १८३९ च्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या हरीसिंगाची हकिकत दिली आहे. हा इथला प्रतिष्ठित व्यापारी. टेलरनेही त्याच्याशी व्यवहार केला होता. मुंबईहून कापड आणायचे म्हणून त्याने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना घेतला. कापड खरोखरच येत होते, पण दुसऱ्या व्यापाऱ्याचे. त्याला आणि त्याच्या माणसांना वाटेत मारून हरीसिंगाने माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. तो ठगांचा म्होरक्या निघाला. ठगांचे हत्यार रुमाल, तेच डोक्याला गुंडाळायचे, घाम पुसायचे, भाकरी बांधायचे कापड. जपानी तेनुगुई हीही अशीच सुती पट्टी. तिला शिवण नसते, कडेचे सूतही मोकळे सोडतात. कपाळाला आवळली की कामकऱ्याची खूण, घडी घालून दिली की नव्या वर्षाची भेट.

भेटीचा विषय निघाला तर हिंगोलीकडची टॉवेल-टोपी विसरून चालत नाही. पूर्वी मानाला शेला-पागोटे होते. आता पाहुण्याला, व्याह्याला, सरपंचाला, बदली झालेल्या मास्तरांना खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर टोपी. बाईला पातळ किंवा खण-नारळ. टोपी घालून घेताना मान थोडी वाकवायची, टॉवेल खांद्यावर दोन मिनिटे ठेवायचा, मग घडी करून बाजूला. तो टॉवेल सहसा अंग पुसत नाही. पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर चढतो. नव्या कोऱ्या घडीवरचा दुकानाचा कागद न निघता तो किती घरे फिरतो, हे कोणी मोजत नाही.

सदर बाजारच्या शिंप्याकडे आज गर्दी आहे ती शिवलेल्या नऊवारीसाठी. शाळेचे स्नेहसंमेलन, लग्नातली वरातीची रात्र, गणपती-गौरी, आणि दीडशे वर्षांहून जुना हिंगोलीचा दसरा, या दिवसांत मुलींना लुगडे हवे असते, पण नेसता येत नाही. म्हणून निऱ्या शिलाईने बसवलेल्या, कासोटा टाचलेला, कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक. सलवारीसारखे पाय घालायचे आणि पदर खांद्यावर टाकायचा. नवरदेवाचा फेटाही तसाच, बांधून तयार, टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा. ज्यांनी आयुष्यभर लुगडे नेसले त्या बायका याला हसतात. पण जपानमध्येही गाठ आधीच बांधलेला ओबी मिळतो आणि दोन भागांत शिवलेला किमोनो मिळतो. जानेवारीत वयात आल्याच्या समारंभाला लांब बाह्यांचा फुरिसोदे घालणाऱ्या बहुतेक मुली तो भाड्याने आणतात आणि पैसे देऊन दुसऱ्याकडून नेसवून घेतात. एक गोष्ट तिथे वेगळी घडली. आया शिकवेनाशा झाल्या तेव्हा किमोनो नेसायला शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. त्यांत परीक्षा असतात, प्रमाणपत्रे असतात. आपल्याकडे त्या जागी शिंपी आला. मला शिंप्याचा मार्ग कमी प्रतीचा वाटत नाही. लुगडे अंगावर राहिले हे महत्त्वाचे, आणि ज्या मुलुखात शिंपीच संत झाला तिथे सुईला कमी लेखणे बरे नव्हे.

शहर सोडून कळमनुरीच्या वाटेला लागले की तांडे दिसू लागतात. बंजाऱ्यांचा पेहराव जिल्ह्यातल्या इतर सगळ्या पेहरावांच्या उलट वागतो. इथे कापड अखंड नाही, तुकड्यांचे आहे. घेराचा घागरा म्हणजे फेट्या, पाठ उघडी ठेवणारी चोळी म्हणजे कांचळी, डोक्यावरून जाणारी ओढणी, आणि प्रत्येकावर आरसे, कवड्या, जुनी नाणी आणि लोकरीचे गोंडे टाचलेले. एक कांचळी हातात घेऊन पाहिली. छातीवरचे दोन चौकोन वेगळ्या कापडाचे, त्यांत बोटाच्या नखाएवढे आरसे दोऱ्याच्या जाळीत अडकवलेले, कारण आरशाला भोक पाडता येत नाही. मधल्या रेघा साखळी टाक्याच्या. कडेला पांढऱ्या कापडाच्या त्रिकोणांची झालर. शिवण इतकी दाट की मूळ कापड दिसत नाही, आणि उचलली तर चांगलीच जड. केसांत कानांपाशी लोंबणाऱ्या घुगऱ्या लग्न झालेल्या बाईच्या. नाकात भुरिया, गळ्यात हांसली, दंडापर्यंत बलिया, त्या पूर्वी हस्तिदंताच्या आणि आता प्लॅस्टिकच्या. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या या समाजाची सगळी मत्ता अंगावरच असे, कारण ठेवायला घर नव्हते. आता हा पूर्ण वेश म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर दिसतो, आणि होळीत लेंगी गाणी म्हणताना किंवा तीजेच्या सणाला तरुणींच्या अंगावर. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. कळमनुरीच्या तांड्यातली बाई मात्र आपली कांचळी विकायला बसत नाही. बाहेरच्या बाईने ती घालावी, ही कल्पनाच तिला चमत्कारिक वाटते.

याच तालुक्यात आंध आदिवासींची गावे आहेत. त्यांचा पेहराव कुणब्यांसारखाच, धोतर आणि लुगडे. वेगळेपण गोंदणात जास्त. पलीकडे पैनगंगेवरचे इसापूर धरण, आणि त्यापुढे विदर्भ.

लुगड्याचे आयुष्य नेसण्यापाशी संपत नाही. विरले की त्याचे धडुते होते, मऊ झाले म्हणून बाळंतिणीच्या घरी बाळुती होतात, कोपरे फाटले की चिंध्या आणि शेवटी पोतेरे. मधला सर्वांत मोठा मुक्काम गोधडीचा. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरून, काठ बाहेर ठेवून, कडेपासून आत चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मध्यभागी पोचायचे. दुपारी अंगणात दोघी-तिघी समोरासमोर बसून हे काम करतात, आणि कोणता तुकडा कोणाच्या लग्नातला हे त्यांना पाठ असते. जपानच्या उत्तरेकडच्या गरीब खेड्यांत निळीत रंगवलेल्या चिंध्या अशाच धावदोऱ्याने एकमेकींवर जोडत. ते साशिको टाके आणि त्या बोरो गोधड्या आता संग्रहालयांत आणि महागड्या दुकानांत आहेत. तिथेही किमोनोचे पुढे अंथरुणाचे अभ्रे, मग बाळुती, मग फरशी पुसायची फडकी होत. कळमनुरीच्या आठवडी बाजारात जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी नायलॉनच्या आणि पॉलिएस्टरच्या साड्या नाखुशीने घेतात, कारण गोधडीला त्या चालत नाहीत. थर एकमेकांवर सरकतात, घाम शोषत नाहीत आणि धुतल्यावर टाका उसवतो. सुती इरकल घेऊन गेले तर वर एक पातेले जास्त मिळते.